पंधराव्या खाटेची पाहणी

सोमवार, ३ मार्च १९९७

आले एकदाची. चिकपेटेतल्या आमच्या दोन खोल्यांपासून यशवंतपूरच्या रुळांपलीकडच्या या नर्सिंग होमपर्यंत दोन बस आणि एक रिक्षा लागली, पण बंगला पाहून शीण उतरला. पुढे सिल्व्हर ओकची झाडं, आत लख्ख फरशी, फिनेलचा वास. अक्काला इथे ठेवायचं की नाही, हे आठ दिवसांत मी ठरवणार आहे.

अक्का म्हणजे अण्णांची मोठी बहीण, वसुमती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. दिवाळीत तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही. अण्णा दिवसभर कापडाच्या दुकानात, मला जूनपासून शाळेत नोकरी. तिच्याजवळ बसणार कोण? आज निघताना तिने डाव्या हाताने माझ्या अंथरुणाच्या चादरीचं टोक आत खोचलं आणि वर एक थाप मारली. लहानपणापासून मारते तशी.

घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून माझ्या शब्दाला वजन आहे. एरवी आमच्या लोकांची अक्कल बेताचीच. शेजारचे दुकानदार नरसिंहराव म्हणाले की वांगं घेतानासुद्धा कोणी आठ दिवस दाबून बघत नाही. त्यांचं जग वांग्याएवढंच. फोन मात्र गल्लीत त्यांच्याकडेच, म्हणून अण्णांना सांगून आले की काही वाईट दिसलं तर त्यांच्या दुकानात फोन करीन. फोन आला नाही, तर रविवारी अक्काला घेऊन या.

मेट्रन मंगळगौरम्मांनी हजेरीपट पुढे केला. कर्मचाऱ्यांना आणि पाहुण्यांना एकच पट. इथेच पहिला गुण कापला. कारणाच्या रकान्यात 'पाहणीसाठी' लिहिलं आणि ठसठशीत सही केली: संहिता, बी.एस्सी.

मंगळवार, ४ मार्च

खाटा पंधरा, त्यांतली शेवटची रिकामी. पेशंट चौदा, आयाही चौदा. एका पेशंटमागे एक आया, असं जाहिरातीत वाचून मी हसले होते, पण ते खरं निघालं. मात्र अशा आया असण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या. कामाची एक पद्धत म्हणून नाही. सहा नंबरची आया भाताचे सुपारीएवढे गोळे वळते आणि प्रत्येकावर तुपाचं बोट टेकवते. चार नंबरची औषध पाजून झालं की चमचा म्हातारीच्या कपाळाला लावते. नऊ नंबरची तर पेशंटची वेणी घालताना मध्येच थांबून उजळणी म्हणते, बे एके बे. का, म्हणून विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, यांच्याकडे असंच असतं. अडाणीपणाला सबब बरी आहे.

चादरीचा कोपरा पाकिटासारखा कसा दुमडायचा, ते मी त्यांना करून दाखवलं. बोबडं बोलणाऱ्या मुलाकडे आपण जसं पाहतो, तसं चौदाही जणींनी माझ्याकडे पाहिलं.

गौरम्मांनी मला पांढरी साडी दिली. रंगीत कपड्यांना पेशंट बिचकतात म्हणे. सरी, बरं तर, म्हटलं.

बुधवार, ५ मार्च

दोन वाजता पाळी बदलते, असं गौरम्मा सांगतात. वही घेऊन एक ते तीन फाटकाशी बसले. आत कोणी आलं नाही, बाहेर कोणी गेलं नाही. वॉर्डात त्याच चौदा जणी. कागदावर तीन पाळ्या आणि राबायला एकच, हे मला वाटलंच होतं.

स्वयंपाकघरात जेवणाची ताटं मोजली. सतरा. चौदा पेशंट, गौरम्मा, स्वयंपाकीण आणि मी. आयांची ताटं कुठे, असं स्वयंपाकिणीला विचारलं. ती भांडं घासत म्हणाली की जेवतात की, सुरुवातीला जेवतात. ही बाईही अर्धवटच.

आणखी एक. सहा नंबरच्या आयेची आणि तिच्या पेशंटची हनुवटी एकच, मधोमध खळगी असलेली. चार नंबरच्या दोघींचंही नाक तसंच. म्हणजे नातेवाइकांनाच नोकरीला लावून घेतलं आहे. वशिला, दुसरं काय. अक्काला इथे ठेवायचं नाही. शुक्रवारी फोन करीन, तोवर पुरावे गोळा करते. नाहीतर नरसिंहराव म्हणतील, पोरीला उगाच खोड काढायची सवय.

गुरुवार, ६ मार्च

पाळ्यांची लबाडी पकडायला हजेरीपटाची जुनी पानं उलटली. प्रत्येक आयेची पहिली सही सापडली. सहा नंबरची बी.ए. आहे. नऊ नंबरची शिक्षिका. चार नंबरची बी.कॉम. कारणाच्या रकान्यात चौदा जणींनी एकच शब्द लिहिला आहे.

पाहणीसाठी.

सहा नंबरच्या सहीची तारीख १९७९ची आहे. दिसते माझ्याएवढीच. खाली तिचा शेरा: आयांना कामाची एक पद्धत नाही. हेच वाक्य परवा मी लिहिलं.

घरी का गेली नाहीस, असं तिला विचारलं. ती म्हणाली, जाणार होते, पण आईचे भाताचे गोळे दुसऱ्या कुणाला जमेनात.

दुपारी जेवले नाही. भूक नव्हती.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळीच ऑफिसातून फोन लावला. नरसिंहरावांनी उचलला. मी म्हटलं, अण्णांना सांगा, अक्काला आणू नका. एरवी माझ्याशी मराठीत बोलणारे ते कन्नडमध्ये बोलू लागले. विचारलं, तुम्ही कोण, अम्मा? मी नाव सांगितलं. ते हसले. म्हणाले, संहिताचा फोन आत्ताच येऊन गेला, सगळं उत्तम आहे म्हणाली. आमची पोरगी चार दिवसांत आयांनासुद्धा मराठी शिकवून बसली वाटतं.

फोन ठेवला त्यांनी. बहिरा म्हातारा. बहिरेच झाले असणार.

पुन्हा लावला. लागत नाही.

आज ताटं सोळा. माझं नव्हतं. मी मागितलंही नाही.

शनिवार, ८

फाटकाला कुलूप नाही. स्वतःच जाऊन सांगावं म्हणून निघाले. फाटकाला हात लावला आणि पंधरा नंबरच्या खाटेची, आयेला बोलवायची घंटा वाजली. खाट रिकामी आहे, तरी वाजली.

भानावर आले तेव्हा तिथे उभी राहून चादर लावत होते. कोपरा पाकिटासारखा नाही. टोक आत, आणि वर एक थाप.

पुन्हा गेले. पुन्हा घंटा. पुन्हा चादर.

चौथ्या खेपेला नऊ नंबरची म्हणाली, पहिल्या आठवड्यात सगळ्याच जातात फाटकापर्यंत. तिच्या आवाजात कीव होती. मला तिची — मी बी.एस्सी. —

रविवार

रिक्षा आली. मी धावले. अण्णा, परत न्या, आत्ता न्या, म्हटलं. मराठीत म्हटलं, नक्की मराठीत.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, अम्मा, स्वल्प कै कोडी. जरा हात द्या. जन्मात माझ्याशी कन्नडमध्ये बोलले नाहीत ते. परक्यांशी बोलतात तसे अदबीने —

गौरम्मांना विचारलं त्यांनी, आमची मुलगी? त्या म्हणाल्या, सकाळीच घरी गेली, खूश होऊन. अण्णांची छाती फुगली. म्हणाले, पदवीधर आहे, तिने नीट बघूनच ठरवलं असणार.

गेले.

अक्काने ओळखलं. ओळखलं तिने. डाव्या हाताने मनगट धरलं आहे, तोंड उघडते, आवाज नाही —

आता ढकलते आहे मला. फाटकाकडे. जा, म्हणते डोळ्यांनी. मी दोन पावलं टाकली — घंटा — तिने नाही वाजवली, तिचा हात तर चादरीवर —

हजेरीपट आणला आहे. सही केली. नावापुढे काय लिहायचं असतं ते आठवेना —

ती एका हाताने चादरीचं टोक खोचायला बघते. जमत नाही तिला. पाच नंबरची पुढे आली, तिने खोचलं. चुकीचं. थाप नाही मारली. अक्का रडते. तसं नाही गं, आमच्याकडे असं नसतं, बाजूला सर, मला —