मावशीच्या टीव्हीसमोर गप्प बसले तर

मंगळवार, ब्राह्मणपुरी

प्रबंधासाठी निरीक्षण पद्धत निवडली आणि फसले. मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, बायका मालिका कशा बघतात ते नुसतं पाहायचं, मध्ये बोलायचं नाही. म्हणून आज मावशीच्या घरी कोपऱ्यात गप्प बसले. मालिका सुरू झाली.

"सून खोटं बोली ऱ्हायनी ना वं?" मावशीने मला विचारलं. मी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मग मावशी टीव्ही सोडून माझ्याकडेच बघायला लागली. शेजारच्या दोघी आल्या, त्याही माझ्याकडेच.

"पोर काहीच बोली नई ऱ्हायनी," मावशी त्यांना म्हणाली, "साखरपुडा मोडना वाटस." तिने टीव्ही बंद केला आणि शहाद्याला आईला फोन करून तेच सांगितलं. तेव्हा मी बोलले. निरीक्षण म्हणजे काय, सगळं समजावलं.

"मंग पहिलेच इचारानं ना," मावशी म्हणाली, "मी सांगी देती."

म्हणजे मुलाखत पद्धत. तीच घ्यायला हवी होती का? पण तोवर आईने माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, नरेंद्रच्या घरी फोन करून लग्न का मोडलं म्हणून जाब विचारला होता.

आता नरेंद्रला फोनवर निरीक्षण पद्धत समजावून झाली. त्याला अजून पटलेली नाही.