पहिल्या नंबरचा अभिमानी

मी, विद्याधर केशव देवपुजारी, वय सत्तावन्न, व्यवसाय वार्ताहर, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहितो. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तसे म्हणताना त्यांनी माझी चार कागदांवर सही घेतली, म्हणून हा पाचवा.

१. राहता फ्लॅट पुतणी नंदिनी हिला. ती वकील आहे. या मजकुरातील कायद्याच्या चुका तिने दुरुस्त केल्या; भाषेला हात लावू दिलेला नाही.

२. संस्कृतची सर्व पुस्तके वस्तीतील वाचनालयाला. आठ वर्षे पाठशाळेत शब्दरूपे घोकल्यामुळे भारतातील कोणतीही भाषा आपल्याला जुजबी येतेच, असा माझा समज झाला होता. पुढील सर्व नुकसान या समजाचे आहे.

३. माझे जुने वृत्तसंपादक चंपतराव यांना टेबलफॅन. त्यांनी आयुष्यभर माझी प्रत्येक बातमी निम्मी कापली. एकच अख्खी लावली, आणि नेमकी तीच कापायला हवी होती.

४. तेलुगू सिनेमाचे नामवंत नट मुरहरी यांच्यावरील कात्रणांच्या अकरा फायली त्याच वाचनालयाला. मुरहरींचा जन्म अजनीच्या रेल्वे कॉलनीतला, वडील गार्ड. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. बाविसाव्या वर्षी ते हैदराबादेला गेले. पहिल्या सिनेमात त्यांनी प्रेताचे काम केले आणि ते इतके मन लावून केले की दुसऱ्यातही प्रेतच मिळाले. पुढे हवालदार, मग खलनायकाचा भाऊ, मग खलनायक, मग नायक. एकूण एकशे बारा सिनेमे. मधे नऊ महिने राजकारण. तेथे संवाद स्वतःच लिहावे लागतात हे कळल्यावर ते परत आले. मी हे सारे नागपुरात बसून लिहिले. निम्मी तेलुगू संस्कृतच आहे, उरलेली निम्मी अंदाजाने.

५. कपाटातील सदरे शेजारी प्रेमानंद यांना. माप सारखे आहे. शिवणारा रूपराव, सक्करदऱ्यातला टेलर, मुरहरींचा बालमित्र. कॉलनीच्या नाटकासाठी मुरहरींचा पहिला भरजरी अंगरखा त्यानेच शिवला. गेली बावीस वर्षे माझे सदरे तोच शिवतो आणि शिलाई घेत नाही. त्याचे म्हणणे असे, की तू एकदा खरं छापलं, तेवढं पुरे.

६. रूपरावला एक कॅसेट. तिचे कारण असे.

सन २००३ मध्ये मुरहरींच्या शंभराव्या सिनेमाचा सत्कार हैदराबादेत झाला. त्यांनी रूपरावला तिकीट पाठवले होते. लग्नसराई होती, दुकान बंद ठेवता येईना, म्हणून त्याने ते परत केले. सत्काराच्या भाषणात मुरहरी म्हणाले, "मा नागपूरु रूपरावु, ना मोदटि अभिमानि." मोदटि म्हणजे पहिला, हे मला ठाऊक होते. अभिमानी तर आपलाच शब्द. तिकीट परत केल्याचा टोमणा आहे, असे मी अनुमान केले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा आला: 'माझा मित्र पहिल्या नंबरचा गर्विष्ठ'.

रूपरावने दुकानातला मुरहरींचा फोटो उतरवला. सहा वर्षांनी मुरहरी नागपुरात आले, गाडी दुकानापाशी पाठवली. रूपराव ड्रायव्हरला म्हणाला, "तुह्या सायबाले सांग, गर्विष्ठ माणूस काज करून राहिला, त्याले वेळ नाही." संध्याकाळी मुरहरींनी मला विचारले, "रूप्या काहून चिडला गा?" मी म्हणालो, "स्वभाव."

वास्तविक तेलुगूत अभिमानी म्हणजे चाहता. मुरहरी म्हणाले होते, नागपूरचा आमचा रूपराव हा माझा पहिला चाहता. हे मला त्या सत्कारानंतर पंधराच दिवसांनी रेल्वेतल्या एका तेलुगू कारकुनाने हसत हसत सांगितले होते. मी हसलो नाही. दुरुस्तीही छापली नाही. त्या भाषणाची कॅसेट माझ्यापाशी आहे. माझ्या मृत्यूनंतर ती रूपरावला द्यावी.

येथे मृत्युपत्र संपायचे होते. खाडाखोड नको, म्हणून आज दुपारी घडले ते खाली जोडतो.

साक्षीला मी चंपतराव आणि रूपराव यांना बोलावले होते. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. रूपराव न वाचता सही करील, म्हणजे कबुलीही होईल आणि तोंडही दाखवावे लागणार नाही, असा माझा हिशेब. नंदिनी म्हणाली, "काका, ज्याला द्यायचं त्यालाच कोणी साक्षीदार करत नाही. आणि मुरहरींना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. तुम्हीच आधी जाल, हे कोणी ठरवलं?" मग तिने कागद रूपरावपुढे सरकवला. "रूपकाका, सहावं कलम वाचा."

त्याने चष्मा पुसून दोनदा वाचले.

"काहून गा पंडित, अभिमानी म्हंजे गर्विष्ठच न?"

"आपल्यात. त्यांच्यात चाहता."

"अन हे तो लोकाइसमोर बोलला?"

"भरल्या सभागृहात."

"बावीस वर्षं तू माह्यापुढे गळ्याचं माप द्यायले उभा राहिला," तो म्हणाला, "अन त्या गळ्यातून एवढं निंघालं नाही."

चंपतराव खिडकीबाहेर पाहू लागले. मथळा त्यांचा होता.

नंदिनीने हैदराबादचा नंबर लावला. मुरहरींच्या मुलीने फोन त्यांच्या कानाशी धरला. त्यांचे शब्द आता एकेक करून येतात.

"कोण?"

"मी रूपराव. सक्करदरा."



"राग... गेला का... रूप्या?"

"राग कायचा गा. तू बोलला ते आज समजलं मले. मधात एक पंडित बसला होता."

पुढे पाऊण तास ते बोलले. म्हणजे रूपराव बोलला आणि मुरहरी ऐकत होते. सारे मराठीत झाले. भाषांतराचे काम पडले नाही, आणि मला खोलीत कोणी काही विचारले नाही.

कॅसेट रूपराव घेऊन गेला. सबब कलम सहा पूर्ण झाले असून त्यासाठी माझ्या मृत्यूची आवश्यकता उरलेली नाही. बाकी कलमे कायम.

तो जाताना मी म्हणालो, आता तू लाभार्थी नाहीस, साक्षीची सही कर. तो म्हणाला, "नाही करत. गुरवारी तू मेला तर शिव्या कोणाले देऊ? जित्ता ये वापस, मले लय बोलाचं आहे तुह्याशी."

म्हणून दुसरे साक्षीदार प्रेमानंद आहेत. सदऱ्यांचे लाभार्थी तेच आणि टेबलफॅनचे चंपतराव, हे नंदिनीने दाखवून दिल्यावर दोघांनी आपण होऊन सदरे आणि फॅन नाकारले. सदरे आता कोणाचेच नाहीत. तूर्त मीच घालीन.

लिहून देणार: विद्याधर केशव देवपुजारी (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
१. चंपतराव (सही, मथळ्याबद्दल दिलगीर)
२. प्रेमानंद (सही)

सक्करदरा, नागपूर. मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५.