छऱ्याचा वेग मोजला तेव्हा

बा, तू गेल्यावर मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी सांगून टाकतो, कारण तू असतास तर पहिलं तेच विचारलं असतंस. मोटारीवर चालणारी सोयाबीनची चाळणी. किन्हीराजापासून शिरपूरपर्यंत कितीतरी खळ्यांवर माझीच दिसेल. फवारणीच्या पंपाला लावायचा दांडा, जो खांद्याला रुतत नाही. मालेगावात माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मागं पत्र्याचं एक लांबट शेड, बरोबर दहा मीटरच्या नेमबाजीसाठी, आणि त्यात सायकलच्या रिमवर दोरी फिरवून निशाणाचा कागद पुढं-मागं नेणारी गाडी. एका एअरगनचा शिसवी दस्ता, तुझ्या नातीच्या गालाच्या मापाचा. तिचा गाल नीट टेकेपर्यंत उतरवत राहिलो. आणि छऱ्याचा वेग मोजायचं एक यंत्र, प्लास्टिकच्या पाइपात समोरासमोर बसवलेले दिवे आणि उजेड ओळखणारे डोळे, दोन जोड्या. छर्रा पहिल्या जोडीपुढून गेला की घड्याळ सुरू, दुसरीपुढून गेला की बंद. आयटीआयची पायरी मी चढलो नाही, कुणाचा कोर्स केला नाही. बंदूक तेवढी तुझ्याकडून पाहिली, तीही चोरून. तू बाजाराला गेलास तेव्हा तुझ्या यात्रेतल्या ठेल्यावरची फुगे फोडायची बंदूक खोलली होती आणि स्प्रिंग उडून चुलीमागं गेली. तू आलास, पाहिलंस आणि एवढंच म्हणालास, "खोलली ना? आता जोडूनई तूच दाखव. तवापर्यंत भाकर नाई." भाकर मिळाली तेव्हा ती थंड झाली होती, पण बंदूक वाजली होती.

तर तुझी नात. तू तिला पाहिलं नाहीस. ती ओपन साइटमध्ये नेम मारते, म्हणजे दुर्बीण नाही, काही नाही, नळीच्या टोकाची साधी माशी आणि मागची खाच. बंदूक जुनी घेतली, आतून सगळी मी नवी केली. सरावात पोरगी अशी मारते की कागदावर एकच भोक मोठं होत जातं. पण मॅचमध्ये दरवेळी एकच तऱ्हा. आधीच्या चाचणीच्या छऱ्यांवर ती साइट जुळवून घेते, सुरुवात छान होते, आणि मग छर्रे हळूहळू खाली उतरायला लागतात. दहाचा नऊ, नवाचा आठ. तालुक्याला तेच झालं, जिल्ह्याला कशीबशी निभावली. तिला शिकवणारे सर मला म्हणाले, "भाऊ, हिचा हात पडते. सरावात चालते, मॅचमधी जीव घाबरते." तेव्हापासून पोरगी सकाळी पाण्यानं भरलेली बाटली हात लांब करून धरते. ओठ दाबून ठेवते. पुढं अमरावतीला विभागाची मॅच होती, तिथून राज्याला निवड. एके संध्याकाळी ती बंदूक पुसून पेटीत ठेवता ठेवता म्हणाली, "पप्पा, माहाच हात पडत असंल तर हे सोडलेलंच बरं. उगा बंदुकीले काहून त्रास?" मला ते फार लागलं. हात पडतो की बंदूक, हे कळल्याशिवाय पोरीनं का सोडावं? आणि ते कळायचा एकच रस्ता होता. छर्रा नळीतून निघतो तेव्हाचा वेग दरवेळी सारखा आहे का, ते पाहायचं.

तू असतास तर साबण काढला असतास. तुझी ती पद्धत मी कुणाला सांगितली की लोक हसतात, पण तिच्यात काही खोट नव्हती. कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची वडी, समोरून एक छर्रा, मग भोकात काडेपेटीची काडी घालून किती आत गेला ते नखानं धरून पाहायचं. काडी अर्धी गेली की स्प्रिंग ठीक. पुढं मायनं त्याच वडीनं तुझं धोतर धुतलं आणि शिशाच्या तुकड्यानं ते फाटलं. स्वयंपाकघरातून तिचा आवाज अजून येतो, "मी कपडे धू का शिकार करू?" पण साबण उन्हाळ्यात मऊ, हिवाळ्यात कडक. आणि हात की बंदूक, हे पोरीचं भांडण काडीच्या अर्ध्या-पाऊण मापानं सुटणारं नव्हतं. एका रिंगेचा फरक पडायला वेग किती कमी व्हावा लागतो ते मी गणित करून पाहिलं होतं. साबणाला ते दिसलं नसतं.

माझ्या स्वतःच्या यंत्रानं आधी मोजलं. एकच बंदूक, एकाच डब्यातले छर्रे, आणि आकडे असे की जणू प्रत्येक वेळी वेगळ्यानंच घोडा ओढला. दोन दिवस मी बंदुकीला शिव्या दिल्या. मग पाइप उभा कापला. डोळे मी गरम गोंदानं चिकटवले होते, यंत्र मोटारसायकलच्या डिकीत ठेवून गावोगाव फिरवलं होतं, आणि आपल्याकडच्या वैशाखात डिकी म्हणजे तवा. गोंद मऊ झाला, डोळा केसभर सरकला. दोन डोळ्यांतलं अंतर चार बोटं. त्यात केसभर म्हणजे फार झालं. तेव्हा विकतचं घ्यायचं ठरलं, आणि तिथून माझं घोडं अडलं.

तीन तऱ्हा होत्या. एक तिवईवर ठेवायचं, वर दोन कमानी, त्यांच्यामधून छर्रा मारायचा. स्वस्त, पण ते आभाळाच्या उजेडावर चालतं. छर्रा गेला की सावली पडते ती मोजतं. आपल्या शेडमध्ये ट्यूबलाइट. तिचा उजेड डोळ्याला न दिसता लपलपत असतो आणि ते यंत्र त्यालाच छर्रा समजतं. बाहेर उन्हात नेलं तर ढग आला की आकडा बदलला. दुसरं रडारचं. बंदुकीशेजारी नुसतं ठेवायचं, मोबाइलवर आकडा येतो. त्याची किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. तिसरं लहानसं, डब्यात मावेल एवढं, नळीच्या तोंडापुढं धरायचं. उजेड त्याचा स्वतःचा, आतला, त्यामुळं रात्र असो की दुपार, लाइट असो की नसो. मोबाइलच्या चार्जरवर चालतं, छऱ्याचं वजन भरलं तर जोरही सांगतं. पण ते नळीला टांगायचं, आणि आपली बंदूक नळी मोडून भरायची. दर छऱ्याला ते वजन हिंदकळणार, नळीवर ताण येणार. मला पटेना. मी परत कमानीवाल्याकडं वळलो, मग परत रडारकडं. आठवडा गेला. पोरगी ओट्याशी पोळ्या लाटत होती, मी मोबाइलवर तिसऱ्यांदा तेच फोटो मोठे करून पाहत होतो. "पप्पा," ती म्हणाली, "तुमी यंत्र पाहून राह्यले का सून?"

"सून चुकली तर चालते," मी म्हणालो, "हे नाई चालत."

"मंग नळीले टांगू नका ना. त्याले खाली उभं करा. तुमाले स्टँड बनवता येत नाई का?"

बा, हे मला सुचायला हवं होतं. तिसऱ्या तऱ्हेचं मागवलं, आणि ते येईपर्यंत अॅल्युमिनियमच्या पट्टीचा स्टँड तयार ठेवला, वर-खाली आणि आडवा दोन्ही सरकणारा. नळीचं तोंड आणि यंत्राचं भोक एका रेषेत आहे की नाही ते दोरा ताणून पाहिलं. नळी यंत्राला शिवत नाही, मध्ये बोटभर मोकळी जागा.

पहिल्या दिवशी मोजलं. एकशे एकाहत्तर, एकशे बहात्तर, एकशे एकाहत्तर, एकशे सत्तर. मीटर, एका सेकंदाला. माझी छाती फुगली. मीच बसवलेली स्प्रिंग, मीच कातलेलं पिस्टनचं वॉशर. वर पाहिलं तर पोरीचा चेहरा उतरलेला. "बंदूक बराबर हाये ना?" ती म्हणाली. "म्हंजे हातच." मग मला माझाच आकडा कडू लागला.

अमरावतीला जायच्या आधी मी नेहमीप्रमाणं बंदूक मॅचसाठी तयार करायला घेतली. मॅच असली की आदल्या संध्याकाळी मी ती खास साफ करतो, आणि शेवटी नळीच्या मागच्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडतो. हे तुझंच. ठेला लावायच्या आधी तू ते केल्याशिवाय बंदुकीला कुणाला हात लावू देत नव्हतास. "आंदी तिले पाज, मंग लोकायच्या हाती दे." मी ते देवपूजेसारखं पाळत आलो. पोरगी शेजारी उभी होती. कंटाळून म्हणाली, "आता मोजा ना मंग. मॅचले अशीच तर नेतो आपुन."

पहिला छर्रा असा कडाडला की शेजारचं कुत्रं भुंकलं. दोनशे चार. मग एकशे शहाण्णव. दोनशे नऊ. एकशे अठ्ठ्याऐंशी. पोरगी माझ्याकडं पाहते, मी यंत्राकडं. नळीतून निळसर धूर येतो, आणि त्या जळक्या तेलाच्या वासासरशी मी शिरपूरच्या यात्रेत उभा आहे, तुझ्या फळीमागं, हातात फुग्यांची पिशवी. तू तेल पाजतोस, आणि गिऱ्हाइकाला बंदूक देण्याआधी स्वतः मारतोस, एकामागून एक, रिकाम्या फळीवर. कडाड, कडाड. माणसं वळून पाहतात, पोरं धावत येतात, "या, या, कोन मर्द हाये!" मला वाटायचं, तू गर्दी जमवतोयस. जमवतच होतास. पण आवाज मऊ होईपर्यंत तू बंदूक कुणाच्या हाती देत नव्हतास. हवा दाबली की तापते, तेल पेट घेतं, छऱ्याला जादा धक्का बसतो, छर्रा वर जातो. हे शब्द तुझ्याकडं नसतील, पण ते तेल जाळून टाकल्याशिवाय नेम लागत नाही हे तुला पक्कं माहीत होतं. मी तुझ्याजवळ एवढी वर्षं उभा राहून अर्धीच गोष्ट उचलली. तेल उचललं, जाळणं राहिलं. पोरगी बिचारी तेलाच्या छऱ्यांवर साइट जुळवायची, आणि तेल संपत आलं की छर्रे आपल्या खऱ्या जागी, खाली उतरायचे.

आम्ही मारत राहिलो. विसाव्याच्या पुढं कुठंतरी आकडा परत एकशे बहात्तरवर येऊन बसला आणि हलला नाही. पोरीनं खाली बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले, पाहिले, आणि हसायला लागली. "पप्पा, मी बाटल्या उचलून उचलून मेली ना!" मग मलाही हसू आलं. पोरीच्या मायनं घरातून विचारलं, काय झालं म्हणून. पोरगी ओरडली, "माह्या आजानं हरवलं मले!" तू तिथं असतास तर तूच सगळ्यात मोठ्यानं हसला असतास.

अमरावतीला बंदूक कोरडी नेली. तिची शेवटची फेरी पहिलीइतकीच भरली, आणि राज्याच्या यादीत तिचं नाव लागलं. सर माझ्याजवळ आले, खांदा दाबला. पोरगी आता रोज यंत्र स्वतः लावते, आकडे स्वतः वाचते, आणि बाटली सोडलेली नाही. म्हणते, हात तर हातच राहते. शेडमध्ये आता आणखी चार पोरी येतात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. पण एक गोष्ट घरात सांगितलेली नाही, ती तुला सांगतो. त्या दिवशी मैदानाबाहेर, एका नेमबाज पोराचा बाप आला. चांगला कडक इस्त्रीचा माणूस. बंदूक हातात घेतली, दस्त्यावरून बोट फिरवलं, कुणी केली विचारलं, आणि तिथंच म्हणाला, द्या मला, चाळीस हजार देतो. मला पहिल्याच वेळेस नीट ऐकू आलं होतं. तरी मी कान पुढं करून "किती म्हनले?" असं विचारलं, त्याच्या तोंडून परत एकदा ऐकून घेतलं, चाळीस हजार, आणि मग नाही म्हणालो.