पाठ केलेला तक्ता

मुलुंड, ३ जानेवारी २०२५

चि. सौ. जयंतीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितोय. माझ्या उजव्या डोळ्याच्या आत सूज आहे. थेंबांनी उतरली नाही आणि नजर कमी झाली, तर डोळ्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळ्यात सुई! पण मी बंदोबस्त केलाय. आधी डावा डोळा तपासतात, तेव्हाच भिंतीवरचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता पाठ करतो आणि उजव्याची पाळी आली की घडाघडा म्हणतो. खरं तर त्या डोळ्याला भिंतच धड दिसत नाही. सूनबाईला, गार्गीला, कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो तोंड बंद ठेवून वाढवावा.

तुझा दादा,
बाळ

गोरेगाव, ८ जानेवारी

ती. दादास, साष्टांग नमस्कार.

शाळेत गुरुजींना फसवलंस तसं डोळ्याला फसवणार आहेस का रे? आईने दुखणं अंगावर काढलं आणि शेवटी ती आपल्याला आवाजावरून ओळखायची, विसरलास? मला फार भीती वाटते. तरी गार्गीला एक शब्द सांगणार नाही, शपथ. ओळी वाकड्या वाटल्या तर पेन नवीन आहे.

राग नसावा, लोभ असावा.

जयंती

मुलुंड, १२ फेब्रुवारी

चि. सौ. फितूर जयंतीस, तरीही आशीर्वाद.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा आधी घेतला. मी नेहमीसारखा टी, ओ, झेड म्हणून मोकळा झालो. बाई शांतपणे म्हणाल्या की काका, आज मराठी तक्ता लावलाय. गार्गी इतकी हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले. आत्यांचा फोन आला होता, हे तिने तिथेच कबूल केलं. शपथेची तुझी ही किंमत!

मग घेतलं इंजेक्शन. डोळा आधी बधिर करतात, त्यामुळे नुसतं दाबल्यासारखं वाटलं. मी मात्र घाबरून रामरक्षेऐवजी टी, ओ, झेडच म्हणत होतो. नंतर काही दिवस डोळ्यापुढे ठिपके तरंगले; ते औषधच असतं म्हणे. डोळ्यातला दाब वाढत नाही ना, हे बघायला अजून बोलावतात. पण सूज उतरली आणि काल मराठी तक्ता खराखुरा वाचला. तू फोन केला नसतास तर डोळा गेलाच होता, बाई.

घरी येऊन हौसेने तुझं पत्र त्याच डोळ्याने वाचलं. ओळी एकमेकींवर चढल्यात, पाकिटावरचा पत्ता तर दिशाच्या अक्षरात आहे. नातीकडून पत्ता लिहून घेतेस आणि पेनला नावं ठेवतेस? शनिवारी दहाची तुझी वेळ घेतली आहे. मी बरोबर असेन, हात धरून बसेन. तक्ता पाठ करून येऊ नकोस. बाईंकडे तीन आहेत आणि कुठला लावायचा ते मी ठरवणार आहे.

लोभ आहेच, तो घेऊन वेळेवर ये.

दादा