ठमीच्या बाकाशेजारची खुर्ची

ज्या सकाळी मी दुकानाचे शटर अर्धे ओढून, तेलाचे हात पँटला पुसत मुलीच्या शाळेकडे धावलो, त्याच सकाळी हे मृत्युपत्र करायचे मी ठरवले. छातीच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी त्यानंतर दिली. तेव्हा आजारपणाला घाबरून लिहिले, असे कोणी म्हणू नये.

मी कुलूप-किल्लीवाला, पन्नाशीला टेकलेला, गावच्या शाळेत शिकलेला. माझे डोके ठिकाणावर आहे. मी रागात आहे, पण राग म्हणजे भ्रम नव्हे. वकिलांना तसे विचारून घेतले आहे. रोज देवाला हात जोडतो, त्याच्यासमोर खोटे लिहिणार नाही. पत्नी हयात नाही. एकच मुलगी. घरात तिला ठमी म्हणतात.

त्या सकाळी शाळेचा शिपाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आला. म्हणाला, "तुम्ही इथे कसे? आज पालकांचा वर्ग ना!" ठमीच्या शाळेत वर्षातून एकदा मुले शिकवतात, आणि प्रत्येक मुलाच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून त्याचे पालक ऐकायला बसतात. ठमी यंदा कुलूप कसे उघडते ते शिकवणार होती. दुकानात बसून, जुने कुलूप ताटलीत सुटे करून तिने सराव केला होता. पण माझा थोरला भाऊ, दादा, याने मला सांगितले की वर्ग रद्द झाला. तिला सांगितले की बाबांना वेळ नाही. पोर रुसून माझ्याशी बोललीच नाही.

वर्गाच्या दारात बाईंनी मला अडवले. "एका मुलामागे एकच पालक. तिचे पालक आत आहेत."

खिडकीतून पाहिले. माझ्या खुर्चीत दादा. शाळेत नाव घालताना अर्ज त्यानेच भरला होता आणि पालक म्हणून स्वतःचे नाव लावले होते, हे मला तेव्हा कळले. ठमीच्या हातात कुलूप नव्हते. दादाने पाठ करून घेतलेले वेळेच्या महत्त्वावरचे भाषण ती आठवत होती. ती अडखळली की दादा पुढचे वाक्य मोठ्याने सांगे, आणि वर्ग हसे.

घरी आल्यावर विचारले, "दादा, खोटं का बोललास?"

"तुझी लाज राखली. हे काळे हात घेऊन तिथे काय बोलणार होतास?"

"बोलायचं नव्हतंच. ऐकायचं होतं."

"ऐकून पोरी शिकल्या असत्या तर शाळा कशाला काढल्या असत्या? आणि कुलपं काय शिकवतेस म्हणावं, चोरांची शाळा आहे का ती?"

आता वाटणी.

घर माझ्या नावावर आहे, ते ठमीचे. वरच्या दोन खोल्यांत दादा आणि वहिनी हयातभर राहतील. हे वहिनीकडे पाहून. तिने ठमीच्या वेण्या घालता घालता तिच्या शाळेच्या गप्पा ऐकल्या आहेत. दादाने मात्र जिना उतरून ठमीची वही स्वतः लिहू नये. मागे नकाशा त्यानेच काढून दिला आणि बक्षीस मिळाले. ठमीने ते बक्षीस चपलांच्या कप्प्यात ठेवले. दादाला अजून वाटते, घरात जागा नव्हती म्हणून.

दुकान, कानशी, पकडी आणि किल्ल्यांचे यंत्र ठमी स्वतः ठरवेपर्यंत विकू नये. तिने हा धंदा करावा असा माझा हट्ट नाही. करू नये, असा दुसऱ्या कोणाचाही चालू देऊ नये.

बँकेतली ठेव तिच्या शिक्षणासाठी. शिकवणी तिने मागितली तरच लावावी. शेजारणीच्या मुलीने लावली, हे कारण धरू नये.

ठमी सज्ञान होईपर्यंत तिचा सांभाळ माझी धाकटी बहीण करील. ती कपडे शिवते. दादा म्हणाला, "तिला तरी काय येतं?" खरे आहे, ठमीचे गणित तिला येत नाही. पण ठमी दारात आली की ती मशीन थांबवते, "आज काय झालं गं?" विचारते आणि उत्तर संपेपर्यंत मशीन चालू करत नाही. देवाने मला दिलेल्या भावंडांत हे एकीलाच सुचले.

बहिणीने एवढे करावे. शाळेने बोलावले की जावे, न बोलावताही जावे. समजले नाही तर बाईंना पुन्हा विचारावे, लाजू नये. गणित अडले तर शेजारी बसावे, पेन्सिल हिसकावून घेऊ नये. मार्क कमी पडले म्हणून जेवताना तो विषय काढू नये. आणि स्वतःच्या शिवणाच्या दुकानात कितीही गर्दी असो, शाळेच्या दिवशी ठमीला गल्ल्यावर बसवू नये.

वर्गाच्या बाईंसाठी मी माझा राग ठेवून जात आहे. त्यांनी तो वापरावा. ज्या मुलाच्या बापाने कधी तोंड दाखवले नाही, त्याला निरोप धाडावा. तो बेफिकीर आहे असे परस्पर ठरवून त्याच्या जागी दुसरा बसवू नये.

दादाला माझे घड्याळ द्यावे. वेळेचे महत्त्व त्याला फार.

आज सकाळी बहिणीला घेऊन शाळेत गेलो. दादा मागोमाग आलाच. मुख्याध्यापिकांना म्हणाला, "हा आजारी आहे, याचं मनावर घेऊ नका." मी म्हटले, "दादा, तू बाहेर थांब." जन्मात पहिल्यांदा त्याला असे बोललो. तो थांबला नाही, घरी निघून गेला. पालक म्हणून त्याचे नाव मी काढायला लावले. तिथे माझे लागले, आणि माझ्यामागे बहिणीचे. मुख्याध्यापिकांनी माझ्यासमोर सही केली. मी ऑपरेशनमधून उठलो तरी हे असेच राहील.

सही: ठमीचा बाप

साक्षीदार: शेजारचा न्हावी (गिऱ्हाईक तसेच खुर्चीत ठेवून आला)
साक्षीदार: शाळेचा शिपाई

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: दवाखान्यात भरती होण्याचा आदला दिवस