धर्मेंद्रचे पाय ओलांडताना

५ नोव्हेंबर

...आणि म्हणूनच पप्पांना परत सांगितलं, ही कुस्ती नाही, ब्राझिलियन जिऊ-जित्सू आहे. पप्पा म्हणाले, लोळतोस तर मातीतच ना. वाद तिथे थांबला, पण मी हरलो नाही.

डील: सुरतच्या क्लबला माझा व्हिडिओ पाठवायचा. कोचने घेतलं तर सुरत. नाही घेतलं तर १ डिसेंबरपासून काकांच्या खताच्या दुकानात बसायचं.

कोचला एकच गोष्ट बघायचीय, गार्ड पास. समोरचा पाठीवर झोपून पायांनी आपली कंबर लॉक करतो. आपण ते पाय ओलांडून बाजूला जायचं. सिंपल. अठ्ठेचाळीस व्हिडिओ बघून झालेत. थिअरी क्लिअर.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६

प्रॉब्लेम. अख्ख्या ब्राह्मणपुरीत पाठीवर झोपायला कोणी तयार नाही. तालमीत सहा जणांना विचारलं. सहाही रागावले. वस्ताद लोटन बाबा म्हणाले, "पाठ लागनी म्हंजे हारना, पोऱ्या. आठे मुद्दाम कोनी हारत नही."

बाबांना गार्डची फिलॉसॉफी समजावली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि मला मातीवर पाणी मारायला लावलं.

८ नोव्हेंबर

पार्टनर मिळाला. चुलतभाऊ धर्मेंद्र. सध्या काकांच्या दुकानात तोच बसतो, म्हणजे झोपतो. म्हणाला, "नुसतं झोपानं शे ना? मग मी तयार शे."

आज पास शून्य. कारण ड्रेस. शाळेतला कराटेचा आहे, सातवीतला.

१२ नोव्हेंबर

धर्मेंद्रचे पाय गरजेपेक्षा लांब आहेत. हे कुठल्याच व्हिडिओत कव्हर केलेलं नाही. मी डोकं घालून आत घुसतो, तो मांड्यांमध्ये मान पकडतो. आज तिसऱ्यांदा पकडली तेव्हा जांभई देत होता.

जाताना म्हणे, "भाऊ, तू मुंडी आधी घालस. आधी पाय धर ना."

झोपणाऱ्या माणसाने मला टेक्निक शिकवू नये.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे.

१३ नोव्हेंबर

आठ. थंडी. रिकव्हरी हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग असतो.

१८ नोव्हेंबर

गार्ड पास केला!! धर्मेंद्रला फोन आला होता आणि तो उठून बाहेर गेला होता, पण मी बाजूला पोचलो होतो. काउंट होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

व्हिडिओचा दिवस. तालीम फुल. पप्पा, काका, सहाही पैलवान.

मोबाइल सुरू केला. धर्मेंद्र पाठीवर झोपला. लगेच लोटन बाबांनी शिट्टी मारली. पाठ लागली, मी जिंकलो. मी अजून हातही लावला नव्हता. गुलाल, टाळ्या, नारळ. रूल्स समजावणार होतो, पण एवढ्या लोकांसमोर बाबांचा अपमान बरा दिसत नाही.

मग कोचसाठी म्हणून पुढे चालू ठेवलं. घुसलो. मुंडी थोडी आधी गेली. तालमीचे पत्रे जांभळे दिसायला लागले तेव्हा धर्मेंद्रच्या मांडीवर दोनदा थाप मारली. आमच्या खेळात याचा अर्थ, सोड. लोकांना वाटलं मी त्याला शाबासकी देतोय. परत टाळ्या.

व्हिडिओ अख्खा पाठवला, कट न करता. नारळाचा भाग कोचने बघायलाच हवा.

२७ नोव्हेंबर

रिप्लाय आला. दोन ओळी. खाली झोपलेला मुलगा कोण? त्याला पाठवा.

पप्पांना वाचून दाखवला. पप्पांनी लगेच काकांना फोन लावला.

१ डिसेंबर, दुकान

धर्मेंद्र सकाळच्या एसटीने सुरतला गेला. बॅग माझी नेली. खिडकीतून म्हणाला, "खुर्चीवर झोपू नको, भाऊ. मान दुखस. पोतावर झोप."

मी झोपणार नाही. इथे बसून पासिंगच्या नोट्स काढणार. अकरा ते दीड पोत्यावर होतो, पण ते पाठीचं स्ट्रेचिंग.

दुपारी लोटन बाबा युरिया न्यायला आले. चार गिऱ्हाइकांसमोर मला "जिकेल पैलवान" म्हणाले. कोणी हसलं नाही. एकजण खोकला.

नारळ गल्ल्याशेजारी ठेवलाय. आईने चटणीसाठी दोनदा मागितला, दिला नाही. देणार पण नाही. निकाल गावासमोर लागलाय, शिट्टी वाजलीय, गुलाल अजून कानात आहे. फक्त सुरतला तो गेलाय.

डायरी, तुला काय वाटतं, जिंकलो ना मी?