खाली लावायचा आरसा

प्रिय सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. जेवणाची खोली फ्रेंच पद्धतीनं सजवायची आणि सल्ला घ्यायचा सासूचा, हे वाचून मी चष्मा पुसला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लग्नानंतर मी स्वतः शिवून दिलेले पडदे तू अजून पेटीतच ठेवलेत, हे मी विसरलेले नाही. पण आता आपणहून विचारलंस, तर ऐकावं लागेल. जन्मभर लोकांच्या घरांना पडदे शिवले, त्यांच्या खुर्च्यांना कापडं चढवली. या विषयावर मी एकदा सुरू झाले की मला आवरणं कठीण.

भिंतींना पांढराशुभ्र रंग देऊ नकोस, दवाखाना वाटतो. सायीच्या रंगात थोडा राखाडी मिसळायला सांग. त्यावर लाकडी पट्ट्यांच्या चौकटी ठोकून घे आणि पट्ट्याही भिंतीच्याच रंगात रंगव. सोनेरी रंग आरशाच्या चौकटीला आणि झुंबराला, बाकी कशालाही नको, नाहीतर खोलीचं लग्नकार्यालय होतं. खुर्च्या लंबगोल पाठीच्या, किंचित वळलेल्या पायांच्या घे. त्यांना मखमल अजिबात लावायची नाही, सांडलेलं सगळं ती धरून ठेवते. बारीक पट्ट्यांचं जाड सुती कापड चांगलं. पडदे छतापासून सोड आणि जमिनीवर बोटभर लोळू दे, तिथे कंजुषी केली की परकर आखूड झाल्यासारखं दिसतं. आरसा खिडकीसमोर, म्हणजे उजेड दुप्पट होतो. आरशाखाली बुटकं कपाट आणि त्यावर मेणबत्त्यांसाठी शमादानांची जोडी. कापडाचे नमुने पाठवते आहे, हे पत्र त्याच गठ्ठ्यात आहे.

पान उलटलंस ना? आता दार लावून घे. पहिलं पान मी मुद्दाम पडद्या-खुर्च्यांनी भरलं. आमच्या चिरंजीवांना कुठलंही पत्र पहिल्या पानापुढे वाचायचा लहानपणापासून कंटाळा, त्यात बायकांच्या पडद्यांचं म्हटल्यावर तर बघायलाच नको. गठ्ठा त्याच्या हाती पडला असेल तरी इथवर तो पोचलेला नाही, एवढी मी माझ्या मुलाला ओळखते.

तुझ्या पत्रातल्या काही मागण्या फ्रेंच नव्हत्या. खुर्च्या जड हव्यात, एका हातानं उचलता येऊ नयेत अशा, असं तू लिहिलंस. झुंबर काचेचं नको. बश्या चिनी मातीच्या नकोत, स्टीलच्या चालतील का, असं विचारलंस. आणि आरसा भलामोठा हवा, पण खाली लावायचा, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत उतरलेला. त्याच्याखाली कपाट नको. एवढी घरं सजवली मी, पण इतक्या खाली आरसा मागणारी एकच बाई मला माहीत आहे. ती मी.

आमच्या जेवणाच्या खोलीतल्या त्या आरशाचं तू केवढं कौतुक करायचीस. ती खोली तुझ्या सासऱ्यांची हौस. कुठल्याशा बड्या साहेबाकडे जेवून आले आणि आपल्याकडेही अगदी तस्संच हवं म्हणून हटून बसले. टेबल आलं, खुर्च्या आल्या, पाहुणे जेवायला येऊ लागले. एका दुपारी पाहुणे उठून गेल्यावर, मी त्यांच्या विनोदांना जास्त हसले म्हणून, तुझ्या सासऱ्यांनी माझे केस मुठीत धरले आणि मी बसले होते त्या खुर्चीतच माझं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. आत फळ्या आणि वरून गिलावा अशी ती भिंत, मधे पोकळ. भिंत फुटली म्हणून डोकं वाचलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन सोनेरी चौकटीचा आरसा घेऊन आले. ते स्टुलावर उभे, आरसा त्यांच्या हातात, आणि डोक्याला फडकं बांधून मी समोरून सांगते आहे, "अजून थोडा खाली घ्या." भोक झाकलं गेलं. पाहुण्यांनी आरशाची तारीफ केली.

त्यानंतर खोली आणखी सजत गेली. त्यांनी फेकलेली रश्शाची बशी माझ्या कानावर फुटली, भिंतीवर ओघळ आले, मग तिथे चौकटीची पट्टी आली. खुर्ची माझ्या पाठीवर मोडली, तिचा पाय मीच सरस लावून बसवला. घरात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वहिनींना काय दृष्टी आहे! मी चहा द्यायची.

मग एक दिवस त्यांनी पुन्हा बशी उचलली आणि मी शमादान उचललं. पितळी, भरीव, तुला माहीत आहे ते. सगळा जोर लावून त्यांच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला आवडला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, लाज वाटते म्हणून नव्हे, कुणी विचारलंच नाही म्हणून. डॉक्टरांना आम्ही सांगितलं की झुंबर पुसताना पडले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही, मीठसुद्धा "जरा देतेस का" असं म्हणून मागायचे. चिरंजीव तेव्हा शाळेचा गणवेश घालून टेबलाशीच बसलेले होते. सगळं त्यानं पाहिलं, आधीचंही आणि हेही. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं. त्यानं आधीचं तेवढं उचललं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. "आई, ती बाथरूममध्ये घसरली, पण काळजीचं काही नाही." मी विश्वास ठेवला. काय करू, पोटचा गोळा आहे. तुला हळद लावायला सांगून फोन ठेवला मी. मग तुझं पत्र आलं, त्या खाली लावायच्या आरशापाशी मी पोचले आणि डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली कात्री मी दुकानाच्या दारावर फेकली. ती अजून दारात रुतलेली आहे, गिऱ्हाइकं बघून जातात. सुताराला बोलावून माझा आरसा उतरवून घेतला. मागे भोक जसंच्या तसं. कडेच्या गिलाव्यात एक लांब केस अडकलेला होता. काळा. माझं आता सगळं डोकं पिकलंय, म्हणून क्षणभर मला तो तुझाच वाटला.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. रविवारी दुपारी मी त्याला एकट्याला जेवायला बोलावलं आहे. तो निघाला की तुझ्याकडे सुतार येईल. शेजाऱ्यांनी विचारलं तर आरशाचं माप घ्यायला आलाय म्हणून सांग. त्याच्याबरोबर माझ्या दुकानातल्या दोघी जणी आणि टेम्पो असेल. कपडे, कागदपत्रं, दागिने आणि पेटीतले माझे पडदे घेऊन निघ. निळ्या पट्ट्यांच्या नमुन्याचा काठ उसव, आत दुकानावरच्या खोलीची किल्ली शिवली आहे. तिथे काही फ्रेंच नाही, एक पलंग आहे आणि दाराला आतून दणकट कडी आहे. तुझ्या भिंतीतलं भोक झाकू नकोस, बुजवू नकोस, सुताराबरोबरच्या दोघींतली एक त्याचा फोटो काढेल. मी एका वकीलबाईंशी बोलले आहे, त्यांनी मागितला आहे. तो माझा मुलगा आहे, ते काही मला पुसून टाकता येत नाही. त्याला मी पोटभर जेवायला घालीन, माझ्या भिंतीतल्या भोकासमोरच्या खुर्चीत बसवीन, हात लावून बघायला लावीन, आणि मग सांगीन, "ती घरी नाही, आणि कुठे आहे ते मी तुला सांगणार नाही." मला रडू येईल, आत्ताही येतंय. तो उठून अंगावर आला, तर शमादान टेबलावर असेल. मेणबत्त्या मी आणलेल्या नाहीत.

तुझीच,
आई